मीटरकाकांची मान हलली त्याबाबत

मी, बाजारात 'कानवाले' म्हणून ओळखला जाणारा, वय चौपन्न वर्षे, धंदा कानाच्या मशीनची विक्री व दुरुस्ती, दुकान जुन्या बाजार इमारतीत तळमजल्यावर गाळा नंबर अठ्ठेचाळीस, राहणार त्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, आज सकाळी सव्वादहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारले तेवढे आणि न विचारलेले थोडे, असे सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन तिच्या घरी आहे. सुरुवातीची आठ वर्षे मी बाजाराच्या दाराबाहेर फुटपाथवर घड्याळाचे सेल विकत होतो. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी बंद पडलेले कानाचे मशीन माझ्यापुढे ठेवले आणि 'यात सेल घाल' म्हणाल्या. सेल घालूनही ते चालेना, म्हणून मी ते उघडले. तिथून हा धंदा सुरू झाला. शिक्षण नववीपर्यंत. आज दुकानात तीन माणसे कामाला आहेत. हवालदारांनी हे सगळे लिहिण्याची गरज नाही असे सांगितले, पण मी म्हटले की माणूस कुठून आला ते कळल्याशिवाय तो काय वाचवायला बघतो ते कळत नाही. तेव्हा त्यांनी लिहून घेतले.

मयत इसम यांना सगळे मीटरकाका म्हणत. वय शहात्तर. कापडाचे दुकान, गाळा नंबर तीन. हातात कायम लोखंडी मीटरपट्टी असायची. तिने कापड मोजायचे, गिऱ्हाइकाला तागा दाखवायचा आणि सभेत कोणी फार लांबण लावली तर टेबलावर ठोकायचे. आमच्या गाळेधारक मंडळाचे ते सलग चार वेळा अध्यक्ष होते. पत्नी वारल्यापासून लेक आणि जावई त्यांच्याकडेच राहतात. जावई मंडळाचे उपाध्यक्ष आहेत. बाजारात त्यांना सगळे जावईबापूच म्हणतात, सासऱ्याच्या वयाची माणसेसुद्धा.

बाजाराच्या जिन्याखालची रिकामी जागा, म्हणजे आजचा माझा गाळा, मला सव्वीस वर्षांपूर्वी मीटरकाकांनी दिली. तेव्हा ते म्हणाले होते, "बाहेर बसून पावसात किती दिवस सेल विकशील? आत ये. पण माझ्या कानाचं काही होतं का बघ आधी." त्यांचा उजवा कान लहानपणीच्या आजारात पूर्ण गेला होता. डाव्या कानाला गेली एकोणीस वर्षे माझ्याकडचे मशीन होते. मशीन कानामागे बसते आणि कानाच्या मापाने बनवलेला साचा कानात बसतो. तो साचा बसवायची एक रीत आहे. एका हाताने कान वर आणि मागे ओढायचा, दुसऱ्या हाताने साचा आत सरकवून किंचित फिरवायचा. रोज लावणारा माणूस हे दोन सेकंदांत करतो. ज्याने कधी लावलेले नाही, त्याच्याकडून साच्याचे वरचे टोक हमखास बाहेर राहते. टोक बाहेर राहिले की मशीन शिट्टी मारते. मीटरकाका मशीनला दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत. माझासुद्धा वर्षातून दोनदाच, सफाईच्या वेळी. लेकीने एकदा लावून द्यायला हात पुढे केला तर म्हणाले होते, "मी कपडे घालतो तेव्हा बटणं लावायला येतेस का?"

दिवसभरात ते मशीन फक्त आंघोळीच्या वेळी काढत.

निवडणुकीबद्दल सांगायचे तर, अध्यक्षपदाला दोनच उमेदवार होते. एक मीटरकाका आणि दुसरे गोदामवाले शेठ. शेठचे म्हणणे, इमारत जुनी झाली आहे, पाडून नवी बांधू. त्यांच्या नकाशात तळमजला मोठ्या दुकानांना आणि आम्हाला चौथ्या मजल्यावर गाळे, तेही तीन वर्षांनी. मीटरकाकांचे म्हणणे, भिंती दुरुस्त करू, पाडायचे नाही. माझे गिऱ्हाईक सत्तरीच्या पुढचे. ते चार जिने चढून माझ्याकडे येणार नाही, आणि तीन वर्षे वाटही बघत बसणार नाही. मत गुप्त असते, तरी मी कोणाला दिले ते सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना लक्षात राहील. मी मीटरकाकांना दिले.

मंडळाच्या नियमावलीत कलम सत्तावीस असे आहे की, निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवार मयत झाल्यास त्याची मते बाद धरावीत आणि उरलेल्यांत ज्याला जास्त मते असतील तो निवडून आला असे जाहीर करावे. निकाल जाहीर झाल्यानंतर मयत झाल्यास मुदत संपेपर्यंत उपाध्यक्षांनी कारभार पाहावा. म्हणजे मीटरकाका निकालाआधी गेले तर शेठ अध्यक्ष आणि इमारत पडणार. निकालानंतर गेले तर जावईबापू अध्यक्ष आणि इमारत राहणार. कलम कोणी आणि का लिहिले ते माहीत नाही. परवापर्यंत ते कोणी वाचलेही नव्हते.

परवा मतदान झाले. एकशे बारा गाळे, एकशे बारा मते, सगळी पडली. मतपेटी सील करून सभागृहात ठेवली. मीटरकाका संध्याकाळी सहा वाजेपर्यंत तिथे होते. माझ्या दुकानावरून जाताना पट्टीने दारावर टकटक केली आणि म्हणाले, "कानवाले, उद्या गोंगाट असेल. ताजा सेल घालून ठेवतो. शेठ हरल्यावर काय बोलतो ते एकेक अक्षर ऐकायचंय मला." तब्येत ठणठणीत दिसत होती. पायात थोडी सूज होती, ती मी वर्षभर बघत होतो.

काल मोजणी होती, साडेदहाला. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी त्यांच्या घरी फोन केला. ताज्या सेलवरचा कागद काढून तो मिनिटभर तसाच ठेवावा लागतो, ते कायम विसरतात, म्हणून आठवण करायला केला. फोन ताईंनी, म्हणजे त्यांच्या लेकीने, उचलला. त्या म्हणाल्या, "बाबा आंघोळीला गेलेत." मागे नळाचा आवाज येत होता. बादली भरतानाचा आवाज वेगळा आणि भरून वाहतानाचा वेगळा असतो. तो वाहतानाचा होता. मी सेलचे सांगत होतो, त्या 'हो, हो' म्हणत होत्या, आणि तेवढा सगळा वेळ नळ वाहत होता. मीटरकाकांच्या घरी नळ थेंबभर गळला तरी आरडाओरडा होतो. मला विचित्र वाटले, पण निवडणुकीचा दिवस, म्हणून मी सोडून दिले.

नऊ चाळीसला पुन्हा फोन केला. कारण विचाराल तर तो नळ. या वेळी जावईबापूंनी उचलला.

"बाबा आंघोळीला गेलेत," ते म्हणाले.

"अजून?" मी विचारले.

त्यावर त्यांनी फोनवर हात धरला. हात धरला की आवाज बंद होत नाही, फक्त जाड होतो. मला लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला आणि ताईंचा, "पांढरा नको, निळा काढा, पांढऱ्याची इस्त्री नाही." नळाचा आवाज नव्हता. मग जावईबापू म्हणाले, "आम्ही निघतोच आहोत, तिथं भेटू," आणि फोन ठेवला. माणूस आंघोळीला गेला असेल तर त्याचा शर्ट बायका काढून ठेवतात, त्यात संशयाचे काही नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

दहा वीसला मी सभागृहात गेलो. सभागृह तळमजल्यावरच मागच्या बाजूला आहे, त्याचे दार माल उतरवायच्या अंगणात उघडते. निवडणूक अधिकारी म्हणून निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. शेठ माझ्या आधी आलेले होते. त्यांच्या हातात नियमावलीचे पुस्तक होते आणि त्यातले एक पान दुमडलेले होते. मी शेजारून जाताना पाहिले, कलम सत्तावीसचे पान. तेव्हा मला वाटले, हा माणूस इतक्या सकाळी हे पान कशाला दुमडतो?

साडेदहाला पेटी उघडायच्या वेळी शेठ उभे राहिले. "दुसरे उमेदवार कुठायत?"

पोस्टमास्तर म्हणाले, "उमेदवार हजर पाहिजे असं कलम नाही."

"हजर नसले तरी चालतील. हयात पाहिजेत."

सभागृहात हशा झाला. कोणीतरी मागून ओरडले, "शेठ, हरायच्या आधीच रडायला लागलात का?" शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "मी लेखी हरकत घेतोय. मीटरकाका दिसल्याशिवाय निकाल वाचायचा नाही." पोस्टमास्तरांनी अर्ज घेतला, शिक्का मारला आणि मोजणी सुरू केली. पण निकाल वाचायच्या आधी उमेदवाराचा निरोप तरी यावा, असे त्यांनी सांगितले. जावईबापू फोनवर बोलत बाहेर गेले. ते कधी आले होते ते मी पाहिले नव्हते. शर्टाची बाही कोपरापर्यंत ओली होती.

अकरा वाजून पंधरा मिनिटांनी मीटरकाकांची करड्या रंगाची गाडी अंगणात मागे मागे येऊन मालाच्या ओट्याला लागून उभी राहिली. सगळे दारात जमलो. गाडी आणि दार यांत वीस-बावीस पावले अंतर असेल. चालवायला जावईबापू. मागे मीटरकाका डाव्या काचेशी बसलेले आणि त्यांच्या उजवीकडे ताई. काच तीन बोटे खाली होती. मीटरकाकांच्या डोळ्यांवर चष्मा, छातीपर्यंत शाल, मांडीवर पट्टी. शर्ट निळा.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. एकोणीस वर्षांत मी मीटरकाकांना गाडीत कधी डाव्या काचेशी बसलेले पाहिले नाही. ते कायम उजव्या काचेला टेकून बसत, म्हणजे शेजारचा माणूस त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला येतो. घरात जेवताना, सभेत, लग्नात, सगळे त्यांच्या डावीकडे. ताई लहानपणापासून डावीकडेच बसत आल्या. काल त्या उजवीकडे बसल्या होत्या. जो कान सत्तर वर्षे मेलेला आहे, त्या बाजूला.

दुसरी गोष्ट शिट्टीची. मला ती दारातूनच ऐकू आली. बारीक, एका सुरात, न थांबता. बाकीच्यांना आली नसावी, गर्दीत बोलणे चालू होते आणि आमच्यातले निम्मे माझेच गिऱ्हाईक आहेत. मशीन नीट बसलेले नव्हते. लावणाऱ्याला रीत माहीत नव्हती. मशीन शिट्टी मारायला लागले की लावलेल्या माणसाला एक तर ती ऐकू येते, नाहीतर साचा टोचतो. त्याचा हात आपोआप कानाकडे जातो. माझ्या दुकानात रोज दहा माणसे येतात, दहाच्या दहा हात कानाला लावतात. झोपेत असली तरी. मी दारात उभा राहून मीटरकाकांच्या हाताकडे बघत होतो. हात पट्टीवर होता. तिथेच राहिला.

जावईबापू गाडीतून उतरून म्हणाले, "बाबांना कालपासून ताप आहे. आत्ता डोळा लागलाय. कृपा करून त्रास देऊ नका."

शेठ म्हणाले, "सकाळी आंघोळ, आता ताप. एकदा तोंडाने 'हो' म्हणू द्या, मी अर्ज मागे घेतो."

"तुम्हाला त्यांच्या तोंडून काय ऐकायचंय, तुम्ही हरलात म्हणून?"

लोक हसले. शेठ माझ्याकडे वळले. ते म्हणाले, "कानवाले, तुम्ही जाऊन या. तुम्ही त्यांचे, मला माहीत आहे. पण माझ्या आईचं मशीनही तुम्हीच बसवलंय. तिला नवीन मशीनची गरज नाही हे तुम्ही तोंडावर सांगितलंत आणि स्वतःचं गिऱ्हाईक घालवलंत. तुम्ही जे सांगाल त्यावर मी गप्प बसतो." पोस्टमास्तरांनी मान डोलावली. जावईबापू म्हणाले, "अहो, कशाला उगाच..." पण तोपर्यंत मी निघालो होतो.

मी गाडीजवळ गेलो आणि डावे दार उघडले. मीटरकाकांचे डोळे मिटलेले होते. केस विंचरलेले, शर्टाची कॉलर मागून ओली. साच्याचे वरचे टोक बाहेर होते, मी म्हटले तसेच. मी डाव्या हाताने कान ओढला, उजव्या हाताने साचा फिरवून बसवला. शिट्टी थांबली. कान गार होता की कोमट ते माझ्या लक्षात आले नाही. त्या वेळी मीटरकाकांची मान हलली. ती दारातल्या लोकांनीही पाहिली, कोणीतरी ओरडले, "हो म्हणाले! हो म्हणाले!" मी कानाशी वाकून मोठ्याने म्हटले, "काका, निकाल वाचू दे ना?" मग दार लावून परत आलो आणि पोस्टमास्तरांना सांगितले, "ऐकू येतंय त्यांना."

शेठ खाली बसले. बोलल्याप्रमाणे गप्प बसले.

मोजणी पूर्ण झालेलीच होती. मीटरकाका एकसष्ट, शेठ एकोणपन्नास, बाद दोन. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी पोस्टमास्तरांनी निकाल वाचून मीटरकाका निवडून आल्याचे जाहीर केले. टाळ्या झाल्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही. दोन-तीन मिनिटांत गाडी अंगणातून गेली. बारा वाजून वीस मिनिटांनी इस्पितळातून फोन आला की मीटरकाका गेले. दुपारी बाजारात सगळीकडे एकच बोलणे, जिंकल्याचे ऐकले आणि आनंदाने गेले. तीन दुकानांत मलाच ते सांगण्यात आले, माझ्याच तोंडचे म्हणून.

मी एक वाजता इस्पितळात गेलो. ताई व्हरांड्यात बाकावर होत्या. त्यांनी रुमालात गुंडाळलेले मशीन माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हे तुमचं. तुम्हीच घेऊन जा." एवढेच. मी खिशात ठेवले.

चार वाजता शेठ माझ्या दुकानात आले आणि गिऱ्हाईकाच्या स्टुलावर बसले. ते दुकानात चढले की नेहमी आधी मशीनच्या किमती विचारतात आणि 'एवढ्यात तर नवा कान येईल' म्हणतात. काल किंमत विचारली नाही. मीच विचारले, "शेठ, तुम्ही सकाळी ते पान दुमडून आलात. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सांगितलेले मी ऐकीव म्हणून सांगतो. मीटरकाकांच्या घरासमोर डॉक्टर राहतात. त्यांचा कंपाउंडर शेठच्या चाळीत भाडेकरू आहे. त्याने शेठना दहाच्या आधी सांगितले की सव्वानऊला मीटरकाकांच्या घरून डॉक्टरांना फोन आला, 'बाबा न्हाणीघरात पडलेत, लगेच या', बाईचा आवाज. डॉक्टर बॅग घेऊन जिना उतरत होते तेवढ्यात दुसरा फोन आला, पुरुषाचा, 'येऊ नका, उठले, बरे आहेत.' डॉक्टर परत वर गेले. इस्पितळ त्या घरापासून गाडीने सहा मिनिटांवर आहे.

मी शेठना म्हटले, "हे तुम्हाला दहाला कळलं होतं. तुम्ही त्या डॉक्टरला जायला का नाही सांगितलंत?"

शेठ स्टुलावरून उठले. मग म्हणाले, "मी घरी नियमावली शोधत होतो." जाताना दारात थांबले आणि एवढेच म्हणाले, "कानवाले, मी तुमच्या शब्दावर गप्प बसलो बरं का."

मीटरकाका नक्की किती वाजता गेले, ते नळ वाहत होता तेव्हा होते का, शर्ट काढला तेव्हा होते का, गाडीत बसवले तेव्हा होते का, हे मी सांगू शकत नाही. ते डॉक्टर सांगतील. मला एवढेच म्हणायचे की सव्वानऊला कोणाला तरी ते वाचतील असे वाटले होते, आणि नंतर कोणाला तरी वाटले की निकालाची वेळ ओलांडणे जास्त गरजेचे आहे. अकरा बावन्न, असे लिहा. जावईबापूंशी माझे भांडण नाही. ते जिंकले तर माझा गाळा वाचतो. माझा कोणावर अमुक असा आरोप नाही.

मीटरकाकांचे मशीन मी आज सोबत आणले आहे. हवालदारांनी ते पाकिटात घालून टेबलावर ठेवले. जबाब लिहीत असता पाकिटातून आवाज येऊ लागला. साहेबांनी आपल्या खोलीतून विचारले, "कसला आवाज आहे?" हवालदारांना काही ऐकू आले नाही. मी सांगितले की मशीन चालू आहे. सेलचे झाकण कालपासून कोणी उघडलेले नाही. मीटरकाका स्वतः काढत तेव्हा पहिले झाकण उघडत. साहेबांच्या परवानगीने मी पाकीट उघडून झाकण उघडले. आवाज थांबला. मशीन ठाण्यात जमा केले.

वरील जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. मी डोळे मिटून ऐकला, गिऱ्हाईकाचे मशीन तपासताना ऐकतो तसा. दोन ठिकाणी मी त्यांना थांबवले. पानावर खाडाखोड नको म्हणून ती दुरुस्ती इथे खाली लिहून घेतली आहे.

पहिली. 'कान गार होता की कोमट ते माझ्या लक्षात आले नाही' हे बरोबर नाही. मी सव्वीस वर्षे लोकांच्या कानांना हात लावतो आहे. कान गार होता. हात लागताक्षणी कळले.

दुसरी. 'त्या वेळी मीटरकाकांची मान हलली' हे बरोबर आहे, पण पुरते नाही. कान वर आणि मागे ओढला तर मान मागे जाते आणि सोडला की पुढे येते. मला ते माहीत आहे. मी कान नेहमीपेक्षा जोरात ओढला. दारात किती माणसे उभी आहेत ते मला माहीत होते. ताई उजवीकडून म्हणाल्या, "हळू हो, दुखतं त्यांना." मग त्यांनी माझ्याकडे बघितले, आणि मी त्यांच्याकडे, आणि मी तरीही कान एकदम सोडला, मान पुढे यावी म्हणून, आणि ती आली. काकांच्या कानात मी जे बोललो ते काकांसाठी नव्हते. 'ऐकू येतंय त्यांना' हे मी सांगितले तेव्हा ते खोटे होते आणि ते खोटे आहे हे मला माहीत होते.

त्यावर साहेब खोलीतून बाहेर आले आणि त्यांनी विचारले, "याने निकाल उलटतो, हे कळतंय ना तुम्हाला? शेठ अध्यक्ष होतील." मी सांगितले की कळते. त्यांनी विचारले, "मग कालच का नाही बोललात?" मी सांगितले की माझा गाळा नंबर अठ्ठेचाळीस, तळमजला, तो वर पहिल्याच परिच्छेदात लिहून दिला आहे.

त्यांनी विचारले, मग आज का? याचे उत्तर मी दिले नाही. हवालदारांनी 'उत्तर नाही' असे लिहिले. ते तसेच राहू द्यावे.

हा जबाब दुरुस्तीसह मला पुन्हा एकदा वाचून दाखवला. कोणाच्या सांगण्यावरून वा दडपणाखाली दिलेला नाही. आता ऐकायला बरोबर आहे. सही केली.